रुग्णविरहित छाती

सौराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे धुरकट निघतात, ही बाब आरोग्य खात्याच्या गांभीर्यपूर्वक निदर्शनास आली, तेव्हा ती गावाला फार पूर्वीपासून ठाऊक होती. छातीचा फोटो उजेडाला धरला की बरगड्या ताकात बुडवून काढल्यासारख्या दिसत. खात्याने कळवलं, की लवकरच तपासणी पथक येईल, फोटोंच्या स्वच्छतेला गुण देईल आणि नापास झालेल्या दवाखान्याचं मशीन उचलून नेईल.

अधीक्षक डॉ. वसावडा यांनी एक्स-रे काढणाऱ्या हिंमतभाईंना बोलावून घेतलं.

“हे धुकं येतं कुठून?”

“साहेब, किरण पेशंटच्या अंगावर आदळतात आणि वाटेल तिकडे फुटतात. ते भरकटलेले किरण फिल्मवर सांडतात. अंग जाड, तेवढं धुकं जास्त. आपली ती शिशाच्या पट्ट्यांची जाळी आहे ना, ती पेशंट आणि फिल्मच्या मध्ये ठेवली की तिरके किरण अडतात. सरळ येणारे तेवढे आत येतात.”

“जाळीचं उद्घाटन झालेलं नाही.”

हे खरं होतं. जाळी केव्हाच येऊन पडली होती, तिला लाल फीतही बांधलेली होती. फक्त मंत्रीसाहेबांची तारीख मिळत नव्हती, आणि उद्घाटनाआधी वस्तू वापरणं म्हणजे लग्नाआधी नवरीला सासरी नेणं, असं डॉक्टरांचं मत होतं.

“म्हणजे दोष मशीनचा नाही,” डॉक्टर विचार करून म्हणाले. “पेशंटचा आहे.”

समिती नेमली गेली. तिने गाठिया खात सखोल अभ्यास केला आणि ‘भरकटलेल्या किरणांचे उगमस्थान रुग्ण हेच असल्याचे निष्पन्न होते’ असा अहवाल दिला. एक्स-रेच्या दारात सुताराकडून दोन फळ्यांची अरुंद चौकट बसवून घेतली. जो तिच्यातून अंग वळवून पार जाईल त्याचाच फोटो. बाकीच्यांनी बारीक होऊन यावं. तूप खाल्लेल्या त्या गावातली अर्धी रांग आल्या पावली घरी गेली. काहीजण मात्र काही दिवसांनी परत आले आणि सहज पार झाले, कारण आजाराने ते वाळले होते. आजार वाढला की माणूस वाळतो आणि माणूस वाळला की फोटो निघतो, या योजनेत डॉक्टरांना निसर्गाचं अमूल्य सहकार्य दिसलं.

तरीही थोडं धुकं राहिलंच. पथक तोंडावर आलं, तसे डॉक्टर हिंमतभाईंवर डाफरू लागले. रोज बोलणी खाऊन हिंमतभाईंचं डोकं फिरलं.

“साहेब, मग पेशंटच ठेवू नका ना! फोटो काजळासारखा निघेल.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावला. “पुन्हा सांगा,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीपासून छातीचे फोटो रुग्णविरहित पद्धतीने निघू लागले. रुग्णाने बाहेर बाकावर बसायचं, आत रिकाम्या टेबलावर मशीन चालायचं. फोटो काळाकुळकुळीत, धुक्याचा धागा नाही. पथक आलं, त्याने धुकं मोजलं, सापडलं नाही, आणि दवाखाना राज्यात पहिला आला. रुग्ण तर त्याहून खूश. सदरा काढायचा नाही, श्वास रोखायचा नाही, आणि फोटोत एक डाग नाही! बरगड्याही नव्हत्या, पण बरगड्यांसाठी कोणी तक्रार केली नाही. शेजारच्या तालुक्यांतून माणसं येऊ लागली. तो फोटो दाखवून पोरांना नोकऱ्या लागल्या, अडलेली लग्नं जमली.

मग एक दिवस मणिमासी आली. हिंमतभाईंची आई गेल्यावर हिनेच त्यांना वाढवलं होतं. देह ऐसपैस, हसणं त्याहून ऐसपैस. पण आता हसताना खोकला येई आणि तो थांबत नसे. हिंमतभाईंनी तिला बसवून ठेवलं. सगळे जेवायला गेल्यावर जाळीची लाल फीत स्वतःच्या हाताने कापली, किरणांचा झरोका छातीपुरता लहान केला, जाळीला लागतो तसा मारा थोडा वाढवला.

“मासी, श्वास रोख.”

फोटो निघाला. एकेक बरगडी मोजून घ्यावी इतका स्वच्छ. आणि उजवीकडे वर, रुपयाएवढा पांढरा डाग.

“हे काय रे पांढरं?”

“आजार आहे मासी. पण वेळेवर सापडलाय. गोळ्या घेतल्यास की ठणठणीत होशील.”

“वा रे दीकरा! शेजारच्या जमनाचा फोटो काळाभोर, तिच्या दिराचा काळाभोर. सगळ्या गावाला चांगला फोटो आणि मासीला तेवढा डाग?”

“अगं, त्यांच्या फोटोत छातीच नाही!”

“नसू दे. डाग तर नाही ना?”

तेवढ्यात डॉ. वसावडा ढेकर देत आले. त्यांनी फोटो खिडकीशी धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. “हिंमतभाई, यात पेशंट दिसतोय. राज्यात पहिला नंबर आहे आपला! पुन्हा काढा, नियमाप्रमाणे.”

हिंमतभाईंनी मासीकडे पाहिलं. ती वेडी नव्हती, घाबरली होती. तिने त्यांचा हात धरला. “सगळ्यांसारखा काढ ना रे, हिंमत,” ती हळूच म्हणाली.

मासीला बाहेर बाकावर बसवून हिंमतभाई आत गेले. बटण दाबताना ते लहान मुलासारखे रडले, पण दाबलं.

संध्याकाळी मासीने गल्लीत पेढे वाटले. प्रत्येकाने फोटो पाहिला, वा म्हटलं, दुसरा पेढा उचलला. त्यानंतर भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकू येई, तेव्हा शेजारी म्हणत, हवा बदललीय. आपणही हेच म्हणालो असतो. आपल्या कपाटात ते चांगले आलेले फोटो पडलेत, त्यांत बरगड्या आहेत का हे आपण तरी कधी मोजलंय? मोजायचं तर आत्ता उठून मोजा. नाहीतर हा घ्या, पेढा घ्या.