लिंबोणीचे दोन घोट

मन्मथअप्पांच्या घरी चहाचा कप कुणाला पुरता रिकामा करता यायचा नाही. शेवटचे दोन घोट उरले की खिडकीतून अप्पांचा हात यायचा, "राहू दे पोरी, ते लिंबोणीचं हाय." चहा थेट बादलीत.

लातूरला क्लाससाठी आलेल्या आम्ही पाच मुली त्यांच्या भाडेकरू. स्लॅबच्या खोल्या आम्हाला देऊन अप्पा अंगणातल्या पत्र्याच्या शेडात राहायचे. भूकंपापासून त्यांनी स्लॅबखाली पाऊल टाकलं नव्हतं. आमची चौकशीसुद्धा उंबऱ्याबाहेरूनच चालायची.

ती लिंबोणी गावाकडच्या त्यांच्या बहिणीच्या दारातली. भूकंपात घर पडलं, बहीण गेली. हे रोप तेवढं मातीतून निघालं, ते अप्पांनी इथल्या अंगणात आणून लावलं. आता त्याच्या पानांवर खैऱ्या पडला होता, तपकिरी खरखरीत ठिपके. चहातला तुरटपणा खैऱ्याला मारतो, असं अप्पांना कुणीसं सांगितलं होतं. मग काय, झाडाला रोज आमच्या उष्ट्या चहाची आंघोळ. "लई भ्या वाटायलंय पोरी. हे बी गेलं तर?"

भ्यायचो आम्हीही. परीक्षेची धास्ती होतीच, त्यात जमीन अधूनमधून गुरगुरायची. मी गावी, लोह्याला, पत्रं लिहायचे, मला घरी न्या. साधा ट्रक गेला तरी पुस्तक टाकून उठायचे.

एका दुपारी अप्पांना लिंबोणीवर मुंग्यांची लांबलचक रांग चढताना दिसली. मुंग्या जमीन सोडून निघाल्या की भूकंप येतो, हा त्यांचा पक्का समज. "भुई हलणार! भायेर पळा!" चौघी पुस्तकांसकट अंगणात. मी मात्र कानात कापूस घालून मागच्या खोलीत पाठांतर करत होते.

कुणीतरी मनगट धरलं. बघते तर अप्पा. स्लॅबखाली! चेहरा पांढराफटक, पण पकड सुटत नव्हती. भेदरून मी त्यांच्यामागे धावले.

भुई काही हलली नाही. आमच्यातल्या धीट सुमनने वाकून पाहिलं. मुंग्या पानांवरचे चहाचे थेंब चाटत होत्या.

"अप्पा, आमच्या चहात साखर असते हो!"

आम्ही खो-खो हसलो. अप्पा उंबऱ्याकडे बघत खाली बसले.

"भुई हलली त्या पहाटं मी बहिणीच्या अंगणात निजलो हुतो. तिनं आतून हाक मारली. मी हुबाच राहिलो. आत जायची हिंमत न्हाई झाली."



दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाचही जणी बिनसाखरेचा कोरा चहा करू लागलो. तोंडं वाकडी करत अर्धा कप प्यायचो. उरलेला लिंबोणीचा.