मुकी गाडी

पुंडलिकरावांच्या लाल गाडीचा सायलेन्सर नाल्यातल्या दगडावर आपटून पडला, आणि पडल्या क्षणापासून त्यांना वाटू लागलं, की तो दगड तिथं आपोआप आलेला नाही.

संशय हा पुंडलिकरावांचा जुना सोबती. दूध पातळ दिसलं की गवळ्याचा संशय. दाट दिसलं की आज हा एवढा मेहरबान का झाला, म्हणून पुन्हा गवळ्याचाच. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी जंगल खात्याच्या एका साहेबाकडून ही गाडी घेतली, तीही संशयापायीच. गाडी जुनी, विलायती, शर्यतीच्या जातीची. वर टप नाही, बसायला जागा दोनच. वावरातला कापूस घरी येईस्तोवर कमी होतो, असं त्यांना दोन हिवाळ्यांपासून वाटत होतं. झाडं पांढरीशुभ्र, अन् घरी येणारी बैलबंडी अर्धी. चोर रंगेहाथ धरायचा तर बैलाच्या दमणीनं जमणार नव्हतं.

त्यांचा डोळा होता पूनमसिंगवर. पूनमसिंग जवळच्या तांड्यातला, बारा वर्षांपासून त्यांचं वावर सांभाळणारा. "एकडाव सापडू दे, त्याच दिवशी हाकलतो," असं पुंडलिकराव रोज जेवताना सांगत. त्यांच्या पत्नी लीलाबाई म्हणत, "भाजी वाढू का?"

पण सायलेन्सर नसलेली गाडी घेऊन चोर धरायला जाणं म्हणजे ढोल बडवत ससा धरायला जाणं. पहिला सायलेन्सरही काही कमी बोलका नव्हता. म्हणून पुंडलिकरावांनी गर्जत गर्जत पांढरकवडा गाठलं. तिथं हैदराबादच्या सडकेवर रामधन ट्रक दुरुस्त करायचा. त्यानं पोत्यावर तीन सायलेन्सर मांडले.

"हा ट्रकचा. आवाज वाघावानी. हा फटफटीचा, जोडून देतो. अन् हा माह्या हातचा. आतमधी जाळी हाये अन् लोखंडाचा कीस भरला. गाडी चालू हाये का बंद, तुमालेबी समजनार नाही."

"मंग हा शेवटी काहून दाखवला? काही गोम असन."

"कोनता तरी शेवटी येतेच ना, पाटील!"

पुंडलिकरावांनी तिन्ही सायलेन्सर शेजारच्या जागेवर बांधले आणि घरी आणून अंगणात ठेवले. सल्ला घ्यायला नव्हे. कोणाला कोणता आवडतो, ते पाहायला.

लीलाबाईंनी आजवर गाडीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. त्या पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ट्रकचा लावा. भारदस्त वाटते."

बंडी हाकणारा उकंडा म्हणाला, "ट्रकचाच बरा, मालक. बैल बुजत नाहीत."

"मोठ्या आवाजानं बुजत नाहीत?"

"आपले बैल जरा उलटेच हायेत, मालक."

पूनमसिंगनं मात्र जरा विचार केला. "माह्या आज्याची लदेणी होती, मालक. शंभर बैल मीठ घेऊन चालत. पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटी राहे. ज्या बैलाले घंटी नाही, थो लोकायले चोरून आनल्यावानी वाटे. आवाज पाह्यजेच."

तिघांचं एकमत! पुंडलिकरावांच्या घरात आजवर चहात साखर किती टाकायची यावर एकमत झालं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी रामधनच्या हातचा मुका सायलेन्सर बसवून घेतला. चुकून हात पडायला नको म्हणून भोंगाही काढून ठेवला.

त्या दुपारी गाडी निघाली ती मांजरासारखी. बकऱ्या रस्त्यातून हलेनात. एका म्हाताऱ्यानं तर मागं वळून पाहिलं आणि तो बांधावरच चढला. "भुतावानी मांगून काहून येता बाप्पा!" तो ओरडला. पुंडलिकरावांना फार बरं वाटलं.

वावराशी येऊन पाहतात तो काय, वेचणीच्या बाया नाहीत, पूनमसिंग नाही, बंडी नाही. बाभळीखाली कापसाचा ढीग असायचा, तिथं नुसत्या दोन-चार काड्या. चोर परत येईल म्हणून पुंडलिकराव पऱ्हाटीच्या झाडांत दबून बसले. तासभर बसले. टोपीवर कापूस बसला, धोतराला गोखरू लागले, पण कोणी आलं नाही. शेवटी ते बंडीच्या चाकोरीवर नजर ठेवून गाडी हळूहळू नेऊ लागले. चाकोरी रस्त्याला लागली, गावात शिरली, त्यांच्याच दारावरून पुढं गेली आणि वळसा घालून त्यांच्याच परसात शिरली.

पुंडलिकरावांनी गाडी कोपऱ्यावर उभी केली आणि कुडाच्या फटीला डोळा लावला.

परसात उकंडा गाठोडी उतरवत होता. बाया गोल बसून सरकी काढत होत्या. भिंतीशी एक नवी गादी, दोन उशा, आणि त्यांच्या शेजारी एक अगदी लहान गादी होती, हातभर लांबीची. ती पाहून पुंडलिकरावांना त्यांची मुलगी विमल आठवली. ती कळंबला दिलेली होती आणि तिला सातवा महिना लागला होता.

"बाई, मालकाले आता सांगूनच टाका," पूनमसिंग म्हणत होता. "पोरीच्या लग्नाच्या गाद्या अशाच झाल्या, आता बारशाच्याबी. तिकडे मालक मले चोर समजून राह्यले. एखाद्या दिवशी हाकलतील."

"कसं सांगू, भाऊ?" लीलाबाई म्हणाल्या. "मागच्या दिवाळीले मूठभर कापूस मागितला वातीले, तर दिवे लागल्यावर यायनं वाती मोजल्या! लेकराची गादी तर उसवूनच पाहतील."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पुंडलिकरावांचे कान गरम झाले. लग्नातल्या गाद्या मेव्हण्यानं दिल्या, या समजुतीनं त्यांनी मेव्हण्याची आयुष्यात पहिल्यांदा तारीफ केली होती.

चोर सापडला होता. मुद्देमाल समोर होता. हाकलण्याचे शब्द दोन हिवाळे पाठ करून तयार होते. पण पूनमसिंगला हाकलायचं तर त्याच्या आधी लीलाबाईंना हाकलावं लागलं असतं, आणि त्यानंतर भाकरी कोणी केली असती?

ते पावलं न वाजवता मागं सरकले. आता गाडीनं गर्जावं असं त्यांना फार वाटलं, पण गाडी मुकी आणि भोंगा घरात. मग ते आपल्याच दारापुढं उभं राहून खाकरले. पुन्हा खाकरले. नसलेल्या कुत्र्याला "हाड! हाड!" म्हणून तीनदा ओरडले. परसात पळापळ झाल्याचं ऐकू आलं. ती थांबेपर्यंत त्यांनी आणखी एक कुत्रं हाकललं.

दार उघडलं. "आले? गाडीचा आवाज नाही आला," लीलाबाई म्हणाल्या.

"मुकी हाये आता."

लीलाबाईंनी त्यांना टोपीपासून धोतरापर्यंत पाहिलं. "वावरात गेलते का?"

हो म्हणावं, तर तिथं कोणी नव्हतं हे ठाऊक असल्याचं कबूल करावं लागलं असतं. "नाही," ते म्हणाले.

"मंग टोपीले कापूस कायचा? धोतराले गोखरू कायचे? आपल्या वावरात नाही, तर कोनाच्या वावरात गेलते?" आणि जरा थांबून, "गाडी मुकी कायले केली?"

खरं सांगितलं तर सगळंच सांगावं लागत होतं. "तोंड धुवाले पानी दे," एवढंच ते म्हणाले. पाणी मिळालं, पण लीलाबाईंची नजर हलली नाही. ती नजर त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. दाढी करताना आरशात ते रोज ती पाहत.

दुसऱ्या दिवशी ते गाडीत बसतात तोच लीलाबाई शेजारी येऊन बसल्या. "मीबी येतो. कोनतं वावर हाये थे, मलेबी पाहू द्या."

वावराशी गाडी थांबली, पण कोणाला कळलं नाही. बाभळीखाली दोन गाठोडी वेगळी बांधून ठेवली होती आणि पूनमसिंग तिसरं बांधत होता. मालक दिसताच त्याचा हात थांबला. त्यानं लीलाबाईंकडे पाहिलं. लीलाबाईंनी पुंडलिकरावांकडे पाहिलं. बारा वर्षांची नोकरी त्या गाठीत अडकून राहिली.

पुंडलिकराव खाली उतरले. "सायलेन्सरमधी काहीतरी खडखडून राह्यलं वाटते," असं म्हणून ते मातीत आडवे झाले आणि गाडीखाली सरकले, टोपीसकट.

बराच वेळ गेला. गाठोडी उचलल्याचा आवाज आला, उकंडानं बैलांना हाक दिली, चाकं कुरकुरली.

लीलाबाई खाली वाकल्या. "अहो, झालं का?"

"बंडी गेली का?" गाडीखालून आवाज आला.

लीलाबाईंनी तोंडाला पदर लावला. मग म्हणाल्या, "गेली."

"मंग झालं."