गवय्याले इचारलं का?

अन्याय झाला तो गिरडच्या गिरजाबाईंवर. २००८ सालच्या तान्ह्या पोळ्याला, दुपारी चार वाजता, सेलूच्या चौकात, भर गर्दीत. मी तिथं होतो म्हणून वेळेसकट सांगतो. आणि ज्या एका माणसानं तेव्हा तोंड उघडायला हवं होतं, तो माझ्या शेजारी उभा राहून स्वतःच्या चपला बघत होता. त्याचं नाव दामूभाऊ.

दामूभाऊ गप्प राहिले, हे सेलूत कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. कुणाच्याही मोबाइलवर गाणं वाजलं की हे विचारणारच, "हे गानं कोनाचं?" समोरचा हिरोचं नाव सांगायचा. "हिरो तं ओठ हालवते. गवय्या कोन?" गवयाचं नाव सांगितलं तरी सुटका नसायची. "मंग त्याले इचारलं का?" एसटीचा कंडक्टर असो की घरचा सोयरा, सगळ्यांना हाच प्रश्न. सावंगीच्या दवाखान्यात डॉक्टर यांचं बीपी मोजत असताना डॉक्टरचा फोन गात सुटला. यांनी पट्टा दंडावर असतानाच विचारलं. पुतणीच्या लग्नात डीजेवाल्यानं इंटरनेटवरून फुकट उतरवलेली गाणी लावली, तर वडाभाताचं ताट उचलून हे मांडवाबाहेर बाभळीखाली जेवायला बसले. रेडिओ मात्र चालायचा. रेडिओवाले विचारून वाजवतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

बसस्टँडजवळ त्यांचं दुकान. आता तिथं घड्याळाचे सेल आणि रिमोटची कव्हरं मिळतात. पण नव्वदच्या दशकात तालुक्यातली माणसं गाण्यांची यादी घेऊन तिथं यायची आणि दामूभाऊ साठ मिनिटांची कॅसेट भरून द्यायचे. इतरांच्या कॅसेटीत बाजू संपली की गाणं मधेच खटकन तुटायचं. दामूभाऊंच्या कॅसेटीत कधीच नाही. त्यांच्या हाताला ते कसब होतं आणि त्याचा अभिमानही होता. लग्न केलं नाही. वर्षातून एकदा गिरडला जायचे, टेकडीवरच्या दर्ग्यात फूल वाहायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत. नवस कसला, म्हणून विचारलं की म्हणायचे, "फिटला का सांगीन."

२००८ साली मी वर्ध्याला कॉलेजात होतो आणि पत्रकं वाटायचो. "मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील" अशा पाट्या गल्लोगल्ली लागल्या होत्या, त्यांच्याविरुद्ध. लोक माझ्या पत्रकात भजी बांधून न्यायचे. दामूभाऊ ते खालच्या प्रेसच्या नावापर्यंत वाचायचे आणि "पत्रकवाले, इथं शब्द ढिला पडला" असं सांगायचे. शेजारचा मोबाइलवाला एकदा म्हणाला, वांगं नेलं तर टोपलीतून कमी होते, गाणं नेल्यानं काय कमी झालं? दामूभाऊ म्हणाले, "गवय्या कमी झाला." मी ते वाक्य पुढच्या पत्रकात मोठ्या अक्षरात छापलं. मला वाटायचं, चळवळीला असा एक माणूस पुरे.

तर तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल सजवून रांगेत उभी. गिरजाबाई खंजिरीवर गायच्या आणि या चौकात त्यांना दरवर्षी बोलावणं असायचं. त्या वर्षी निरोप आला नाही. विसरले असतील, असं समजून बाई आपल्या आपण आल्या, तर चौकात त्यांचंच गाणं वाजत होतं. मंडळाच्या अध्यक्षानं मोबाइल लाउडस्पीकरला जोडला होता. पऱ्हाटीतला कापूस वेचण्याचं ते गाणं तुम्हीही ऐकलंय. ते जिल्हाभर वाजतं.

बाई म्हणाल्या, हे माझं गाणं. लोक हसले. अध्यक्ष चांगल्या शब्दांत बोलला, हे मला जास्त लागलं. "बाई, तुमच्या हरेक गान्यात शेवटी तुमचं नाव येते, गाव येते. यात कुठी हाय? बसा, परसाद घ्या."

गाणं संपलं. नाव आलं नाही. बाईंनी खंजिरी पिशवीत परत ठेवली आणि स्टँडकडे चालू लागल्या.

मी दामूभाऊंकडे पाहिलं. मनात म्हटलं, जन्मभर ज्या प्रश्नानं सगळ्यांना छळलं, तो आज विचारा ना! ते चपला बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी नवं पत्रक लिहून त्यांच्या दुकानात आपटलं. वर "चोरांची नावे", खाली अध्यक्ष, मोबाइलवाला, डीजेवाला. दामूभाऊंनी ते शेवटपर्यंत वाचलं. शब्द कुठं ढिला पडला ते सांगितलं नाही. म्हणाले, "माह्यं नाव पह्यलं टाक."

मग त्यांनी खालच्या खणातून एक कॅसेट काढली. गिरजाबाईंनी नागपुरात भरलेली, आयुष्यातली एकुलती एक. ती कंपनी केव्हाच बुडाली. दामूभाऊंनी त्या कॅसेटीच्या किती नकला काढून विकल्या, त्यांनाच ठाऊक नाही. मूळ कॅसेट लांब होती, सगळी गाणी साठ मिनिटांत बसत नव्हती. म्हणून त्यांनी शेवटची कडवी उडवली. आवाजाचं बटण हळूहळू फिरवत, इतक्या सफाईनं की कुणाला शंका येऊ नये. त्यांच्या नकलेवरून कुणीतरी सीडी केली, सीडीवरून ते कॉम्प्युटरवर चढलं, तिथून तुमच्या कार्डात. नाव नव्हतंच, तर ते पोचणार कुठून?

"चांगला हात होता माहा," ते म्हणाले. "थोच नडला."

आम्ही दोघं गिरडला गेलो. या वेळी ते टेकडी चढले नाहीत. इतकी वर्षं टेकडीवरून जे घर नुसतं बघून परतत होते, त्या टेकडीखालच्या घरात गेले आणि पिशवीतला टेपरेकॉर्डर ओट्यावर ठेवून कॅसेट लावली. गाणं शेवटाला आलं. "गिरजा म्हने बाई, माह्यं गिरडगाव."

बाईंनी पूर्ण ऐकलं. दामूभाऊंनी सगळं सांगितलं, तेही ऐकलं. मग म्हणाल्या, "गानं नेलं तं नेलं, दादा. माह्यं गाव काऊन कापलं?"

"जागा नोती, बाई," दामूभाऊ म्हणाले. आणि लहान पोरासारखे रडले.

पत्रक मी छापलं, त्यांचं नाव पहिलं टाकून. ते स्वतः स्टँडवर उभे राहून वाटतात. हे लिहिलं ते ज्यांच्या हाती ते पत्रक पडलं नाही, त्यांच्यासाठी. तुमच्याकडे पऱ्हाटीचं ते गाणं असेल. आज शेवटपर्यंत ऐका, ते कुठं विरतं ते ध्यानात येईल. मग पुसून टाका. आणि पूर्ण ऐकायचं असेल, तर येत्या पोळ्याला तुमच्या चौकातला स्पीकर बंद करा, गिरजाबाईंना निरोप धाडा, आणि त्यांनी पिशवीतून खंजिरी काढण्याआधी बिदागी त्यांच्या हातात द्या.