सोफ्यावर ठेवलेलं भाषण

सर मानसशास्त्राचे प्राध्यापक. संवेदन, अवधान, स्मरण हे त्यांचे खास प्रांत! "माणूस नुसत्या डोळ्यांनी बघत नाही, लक्षानं बघतो!" हे वाक्य त्यांनी इतक्या वर्षांत इतक्या वर्गांना ऐकवलं होतं, की कॉलेजच्या शिपायालाही ते पाठ होतं. अशा माणसाला बायकोच्या निवृत्ती समारंभात चार शब्द बोलायचे म्हणजे काय मोठंसं!

बायको म्हणजे हॉस्पिटलच्या मेट्रनबाई. त्या राउंडला निघाल्या की पेशंट कण्हायचे थांबत आणि डॉक्टर पुन्हा एकदा हात धुवायला जात. पण याच बाई एखाद्या घाबरलेल्या म्हाताऱ्याचा हात धरून ड्यूटी संपल्यावरही बसून राहत. सरांना त्यांचा फार अभिमान होता. फक्त तो उभ्या संसारात कधी तोंडातून बाहेर पडला नव्हता.

बाईंनी मागितलं तेही एवढंच. "एकदा चारचौघांत माझ्याबद्दल चांगलं बोला. आणि कागद नको हं! कागदावरून वाचलेलं कौतुक म्हणजे डिस्चार्ज कार्ड!"

"कागद? मला?" सर हसले. "अगं, स्मरण हा तर माझा घरचा विषय!"

आणि त्यांनी खरंच घरच वापरलं. युक्ती जुनी आणि नामी आहे. ओळखीच्या घरात ठरलेल्या जागी एकेक मुद्दा ठेवायचा, तोही अचाट रूपात, म्हणजे विसरत नाही. भाषणाच्या वेळी मनातल्या मनात घरातून फिरायचं आणि मुद्दे उचलत जायचं. सरांनी चपलांच्या रॅकवर मोठ्या डॉक्टरांना बसवलं. म्हणजे स्वागत! सोफ्यावर दाटीवाटीनं वॉर्डातले पेशंट. म्हणजे बाईंची माया! फ्रीजमध्ये, मागं एकदा वॉर्डात लागलेली आग. म्हणजे त्या धुरातही बाईंचं डोकं किती थंड होतं ते! स्टाफरूममध्ये डोळे मिटून त्यांनी आठवडाभर तालीम केली आणि एकदाही अडखळले नाहीत.

समारंभाच्या दिवशी दुपारी त्यांना वाटलं, एकदा खऱ्या घरातून चालून बघावं. दारातून निघाले, मोठ्या डॉक्टरांना नमस्कार केला, सोफ्याकडे वळले, तर तिथं शिलाई मशीन!

"सोफा कुठं गेला?"

"खिडकीपाशी आहे की."

"आजच हलवायचा होता? माझ्या भाषणातले सगळे पेशंट बसलेत त्याच्यावर!"

बाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. "अहो, सोफा हलवून वर्ष होऊन गेलं! रोज त्याच्यावर बसून पेपर वाचता!"

"आणि फ्रीज?"

"फ्रीज त्याच्याही आधी."

अवधानाच्या प्राध्यापकाला दरदरून घाम फुटला. ते खिडकीपाशी सोफ्यावर बसले, डोळे मिटले आणि पेशंट, आग, डॉक्टर सगळ्यांना नव्या जागा देऊ लागले. मध्येच शेजाऱ्यांचा आवाज आला. कुणीतरी "पाय वर घ्या" म्हणालं, सरांनी घेतले. थोडं डुलल्यासारखं झालं, ते त्यांनी रक्तदाबावर ढकललं. मग तसेच ओठ हलवत उठले आणि समारंभाला निघाले.

हॉल गच्च भरला होता. मोठ्या डॉक्टरांचं स्वागत झकास झालं. सर मनातल्या मनात पुढं सरकले आणि एका डोक्यात दोन घरं उभी राहिली! जुन्या घरात सोफा, नव्या घरात मशीन!

"आमच्या मेट्रनबाईंनी वॉर्डातले सगळे पेशंट," सर म्हणाले, "शिलाई मशीनवर बसवले!"

सर्जन खुर्चीत पुढं झुकले. बाई ताठ बसून नवऱ्याकडे बघत होत्या. तो एकच हट्ट, आणि तोही मातीत जात होता.

"नाही, नाही... त्या दिवशीची आग! ती फ्रीजमध्ये होती. पण फ्रीज हलवला. आता आग नेमकी कुठं आहे, मला सांगता येत नाही!"

"आग?" मागून कुणीतरी ओरडलं. "कुठं आग?" मागच्या रांगा उठल्या, खुर्च्या पडल्या, वॉचमन बादली आणायला धावला!

"बसा!"

बाई उभ्या राहिल्या होत्या. आवाज चढलेला नव्हता, पण भिंतीसुद्धा सरळ झाल्या असत्या. "आग नाही. खुर्च्या उचला. आजींना आधी वाट द्या. बसा!"

सगळे बसले. मोठे डॉक्टर बसले. सरही स्टेजवरच बसणार होते, पण एकदम थबकले.

"हेच!" ते ओरडले. "हेच सांगायचं होतं मला! आग लागली त्या दिवशी ही अश्शीच उभी होती!" पुढं एकही मुद्दा आठवेना, म्हणून ते आठवायच्या भानगडीत पडलेच नाहीत. "मी जन्मभर लक्ष द्यायला शिकवलं, आणि घरातला सोफा कुठं आहे ते मला ठाऊक नाही. हिला मात्र नुसत्या कण्हण्यावरून कळतं, कुणाला औषध हवंय आणि कुणाला नुसती सोबत. मला हिचा फार अभिमान आहे. सांगायचं राहून गेलं होतं."

टाळ्या थांबेचनात. बाईंनी चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिल्या.

घरी परतताना सरांचे पाय जमिनीवर नव्हते. "आजपासून मी घरातलं सगळं नीट बघणार! सोफा खिडकीपाशी. पक्कं!" असं म्हणत ते खिडकीशी गेले, बाईंकडे बघत, हात फैलावून, ऐटीत बसले.

धप्पकन फरशीवर!

"अगं आई गं! सोफा कुठं गेला?"

"जुन्या जागी!" बाई धावत आल्या. "तुमचं भाषण बिघडू नये म्हणून दुपारीच शेजाऱ्यांना बोलावून, मशीन आत ठेवून, सरकवून घेतला!"

"दुपारी? मग मी कुठं होतो?"

बाईंनी हात देऊन त्यांना उठवलं. हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"सोफ्यावरच!"