गुडघे टेकणारा ट्रक

पास्कलकाकांच्या गाडीत बसलं की आधी डॅशबोर्डवरचा काचेचा पेला दिसतो. पाण्याने काठोकाठ भरलेला. तो पिण्यासाठी नसतो. एकदा भर मे महिन्यात मी न विचारता त्याला हात लावला, तर काकांनी करकचून ब्रेक मारला. सगळं पाणी माझ्या शर्टावर आलं आणि वर मलाच ऐकून घ्यावं लागलं, की सायेब, तुमी मापाला हात लावला.

तो पेला म्हणजे काकांचं माप. रस्ता, गाडी आणि माणूस, तिन्ही ते त्यानेच मोजतात. ‘पानी खोटं बोलत नाय,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रिक्षात बसतानाही पिशवीतून पेला काढतात, बाटलीतलं पाणी ओततात आणि मग रिक्षावाल्याला म्हणतात, चल आता. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकुलती एक मुलगी रीना. तिला मागणी आली तेव्हा मुलाचं शिक्षण, पगार, घर, काही म्हणजे काही त्यांनी विचारलं नाही. त्याच्याच गाडीत पेला ठेवला आणि त्याला गावाला एक फेरी मारायला लावली. थेंब सांडला नाही. काका खाली उतरले आणि म्हणाले, तारीख काढा.

आमची सोसायटी घोडबंदर रोडवर. ज्या भातशेतांवर आमचे टॉवर उभे राहिले त्यांच्या मागे काकांचं गाव अजून अंग चोरून उभं आहे. थोडी कौलारू घरं, नाक्यावर क्रूस आणि एक विहीर. ही मंडळी इथली पूर्वापारची. धर्म बदलून कैक पिढ्या झाल्या, पण लग्नातली हळद सुटली नाही आणि ‘उंबराचं पाणी’ही सुटलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, गाणी म्हणत पाणी भरतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात.

आता ती गाणी सगळी येणारी एकच बाई उरली होती, काकांची थोरली बहीण रोझाबाय. आई लवकर गेल्यावर काकांना वाढवलं तिनेच. ती राहते डोंबिवलीला, मुलाकडे, आणि तिच्या पाठीचा एक मणका दबलेला. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की जोराचा धक्का बसता कामा नये, नाहीतर अंथरूण कायमचं. साध्या गाडीत तिला वाकून शिरता येत नव्हतं. अँब्युलन्सचं नाव काढलं तेव्हा ती म्हणाली होती, ‘त्या गाडीतून मी एकदाच जाईन, आन तवा मना कलनार पन नाय.’

रीना म्हणाली, आत्याला त्रास नको, आपण मोबाइलवर गाणी लावू. ते ऐकून काका ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दारातला भाजी वाहायचा जुना छोटा ट्रक विटांवर चढवला आणि जाहीर केलं, की हा ट्रक बायच्या दारात गुडघे टेकेल, ती पाय न उचलता चढेल आणि पेल्यातलं पाणी न हलता विहिरीवर येईल.

इथे माझी कंबर मधे आली. आयुष्यभर बँकेच्या खुर्चीत बसून मी एक नामांकित कंबर कमावली आहे. जिना, शिंक, बादली, कशानेही ती धरते. काकांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाईट वाटलं. दुसऱ्याच्या दुखण्यावर इतका खूश झालेला माणूस मी पाहिलेला नाही. ‘सायेब,’ ते म्हणाले, ‘पेला पान्याचं सांगतो, तुमची कंबर हाडाचं सांगल.’ तेव्हापासून मी त्या कामाचा अधिकृत मीटर झालो.

मग सुरू झाली निवड. पैसा तर लग्नात चालला होता, त्यामुळे जे काही करायचं ते स्वस्तात. फोनवर गाडी वरखाली करणारा परदेशातला तयार संच पाहिला. त्यातले ट्रक गाण्याच्या तालावर बेडकासारख्या उड्या मारत होते. किंमत पाहिल्यावर काकांनी फोन पालथा ठेवून दिला. कल्याणच्या गॅरेजांमधून फिरलो, तर तिथे तेलाच्या दाबावर चालणारं हायड्रॉलिक म्हटलं की सगळ्यांना हळदीत नाचणारी गाडीच डोळ्यांसमोर यायची. किती फूट उडवायची, एवढंच विचारायचे. नाचवायची नाही, झोपलेल्या बाळासारखी न्यायचीय, असं सांगितलं की त्यांचा उत्साह मावळायचा.

एकाने जुन्या बसच्या हवेच्या पिशव्या दाखवल्या. गाडीखाली स्प्रिंगच्या पाट्यांऐवजी त्या बसवायच्या, हवा भरली की गाडी वर, सोडली की खाली. मला त्या पसंत होत्या. मी त्यांच्यावर बसूनही पाहिलं. काकांनी नाक मुरडलं. ‘हवा कुनाची झाली हाय का कदी?’ त्यांचा जीव तेलावर. कारखान्यात जन्मभर मशीन दुरुस्त केलेला माणूस, तेलाइतकं इमानदार काही नाही असं त्यांचं मत. शेवटी डोंबिवलीच्या एमआयडीसीमागच्या भंगारवाल्याकडून मोडीत निघालेल्या डंपरचा पंप, सिलिंडर आणि पाइप आले. आठवडाभर गावात ठोकाठोक चालली. पाटे निघाले, त्या जागी सिलिंडर बसले, मागे फळ्यांचा सपाट तळ आणि त्यावर काकांच्या आईची लाकडी आरामखुर्ची घट्ट बोल्ट मारून बसवली.

बटण दाबल्यावर ट्रक खरंच खाली बसला. एखादं जनावर मालकाला पाठीवर घ्यायला बसतं तसा, आधी मागून, मग पुढून. गावातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण पुढे काय वाढून ठेवलंय ते मला माहीत नव्हतं. आरामखुर्चीत मी बसलो, हातात पेला दिला गेला आणि ट्रक निघाला. आमच्या सोसायटीच्या दारातल्या पहिल्या स्पीडब्रेकरवर पेला रिकामा झाला आणि माझ्या कंबरेतून अशी कळ गेली की मला माझी शाळा आठवली.

शाळा आठवली हे खरं आहे. घरी जमिनीवर पालथा पडल्या पडल्या मला आठवीतलं विज्ञान आठवलं. काका सुके बोंबील घेऊन भेटायला आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, दुखतंय ते डाव्या बाजूला की उजव्या, कारण डावा सिलिंडर त्यांना जरा ताठ वाटत होता. मी म्हटलं, काका, दोन्ही ताठ आहेत. द्रव दाबला जात नाही. हवा दबते, तेल नाही. खड्डा आला की तेल तो जसाच्या तसा वर पोचवतं.

काकांनी बोंबलाची पुडी खाली ठेवली. मग म्हणाले, ‘मंग आदी का नाय बोल्ला?’

आधी सुचलंच नव्हतं. पण बायच्या मणक्याऐवजी माझा गेला हे काय कमी झालं, असं काका म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. त्याच भंगारवाल्याकडे पत्रा दाबायच्या एका जुन्या प्रेस मशीनच्या पोलादी बाटल्या सापडल्या. आत रबराची पिशवी, पिशवीत गॅस. धक्का बसला की तेल त्या बाटलीत सरकतं, गॅस दबतो आणि हळूच तेल परत ढकलतो. म्हणजे अखेर हवेच्याच पाया पडावं लागलं. काकांनी ते मान्य केलं, पण आपल्या पद्धतीने. हवा बाटलीत कोंडली तं ती पन कामाला येते, म्हणाले. मी पट्टा बांधून पुन्हा खुर्चीत बसलो. स्पीडब्रेकर गेला. पाणी काठापर्यंत आलं, थांबलं आणि मागे गेलं. काकांनी पेल्याला हात जोडले. माझ्या कंबरेला कोणी हात जोडले नाहीत.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच आम्ही डोंबिवलीला पोचलो. रोझाबायचा मुलगा लेस्ली खाली उभा होता. त्याने ट्रक पाहिला, भंगारातले पाइप पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. ‘मामा, मम्मीला काय झालं तर मी तुला माफ नाय करणार,’ तो सरळ म्हणाला.  काकांनी बटण दाबलं. ट्रक बसला. लाल लुगडं नेसलेली ती वाळकी म्हातारी लिफ्टमधून बाहेर आली, लेस्लीच्या हाताला धरून फळीवर सरकत सरकत खुर्चीपर्यंत गेली आणि बसली. मग आईच्या खुर्चीच्या दांड्यावर हात फिरवत म्हणाली, आवयची.

मी पेला घेऊन तिच्या पायाशी बसलो. लेस्ली स्कूटरवरून मागे. शिळफाटा झाला, मुंब्रा झालं. पाणी डुलत होतं, सांडत नव्हतं. काका आरशातून रस्त्यापेक्षा पेल्याकडेच जास्त पाहत होते. मला घाम फुटला होता. बँकेत ऑडिटर आले तेव्हाही इतका फुटला नसेल.

कळव्याला ट्रॅफिक तुंबला आणि तिथेच रोझाबाय शांतपणे म्हणाली, ‘पास्कू, पानी डाव्या अंगाला झुकलाय.’

मी पाहिलं. खरंच झुकलं होतं. मागच्या डाव्या चाकावर ट्रक हळूहळू खाली बसत होता. काका उतरले, वाकले, उठले तेव्हा त्यांच्या बोटांना तेल लागलेलं होतं. पाइपाचा जोड गळत होता. मागून हॉर्न, पुढे बस, बाजूला हलायला जागा नाही. ट्रक पूर्ण बसला तर चाक बॉडीला घासणार आणि पुढचा प्रत्येक खड्डा थेट म्हातारीच्या पाठीत. लेस्ली स्कूटर सोडून धावत आला आणि अँब्युलन्स बोलवू लागला. काका पाना घेऊन जोडाशी भिडले. दोनदा तो जोडावरून सटकला. जन्मभर मशीन दुरुस्त केलेल्या माणसाचा हात चालत नव्हता, हे पाहून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

तेव्हा रोझाबाय गाऊ लागली. विहिरीवरचं गाणं, कळव्याच्या ट्रॅफिकमध्ये. आवाज चिरका, पण ठेका पक्का. शेजारच्या बसमधल्या लोकांनी माना बाहेर काढल्या. काका क्षणभर तिच्याकडे बघत राहिले आणि मग त्या ठेक्यावर पाना फिरवू लागले. जोड बसला. गळती पूर्ण थांबली नाही, थेंबावर आली.

पुढचा सगळा प्रवास मी ट्रकच्या फळ्यांवर पालथा पडून केला. डोळे खालच्या जोडावर, एक हात पेल्यावर. टपकतंय म्हटलं की काका पंप चालवायचे, थांबलं म्हटलं की बंद करायचे. वर रोझाबाय गात होती. तिने आमची नावंही त्या गाण्यात घातली असावीत, कारण मधेच ‘सायेब’ ऐकू आला आणि ती हसली.

विहिरीजवळ ट्रकने गुडघे टेकले. रोझाबाय चालत विहिरीवर गेली. पेल्यात काठाखाली बोटभर पाणी कमी होतं, पण ते माझ्या बाहीत गेलं होतं, त्याचा दोष ट्रकला नको. लग्न छान झालं. रीना सासरी नाशिकला गेली.

त्यानंतरच्या सकाळी लेस्ली आईला न्यायला यायचा होता. मी फिरायला निघालो, तर काका ट्रकखाली. हातात तोच पाना. कळव्याला जो जोड जीव खाऊन आवळला, तोच ते सैल करत होते. खाली पत्र्याचा डबा ठेवला होता आणि तेल त्यात निवांत पडत होतं. ट्रक एका अंगावर कलंडला. काकांनी मान वळवली, मला पाहिलं आणि पुन्हा तोंड फिरवलं. मागे घराचा दरवाजा उघडा होता. आत रीनाच्या खोलीत रोझाबाय झोपली होती. ती डोंबिवलीला गेली की त्या घरात एकच ताट लागणार होतं.

लेस्ली आला. काका त्याच्याकडे न बघता म्हणाले, पाइप गेला, नवा मिळायला दिवस लागतील. लेस्लीला संशय आला असावा. तो माझ्याकडे वळला. ‘अंकल, तुम्हीच सांगा. तुमच्या कंबरेला कळतं म्हणतात ना? याच ट्रकमधून मम्मीला जपून नेलं तर चालेल ना?’

काका जमिनीकडे बघत होते. मी एक हात कंबरेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणालो, ‘नको. आज अजिबात नको.’ माझी कंबर त्या सकाळी जितकी ठणठणीत होती तितकी गेल्या कित्येक वर्षांत नव्हती.

दारात येऊन उभ्या राहिलेल्या रोझाबायने लेस्लीला सांगितलं, जा, माझी लुगडी आणि गोळ्या घेऊन ये, पाइप मिळेपर्यंत मी इथेच आहे. तो गेल्यावर ती पायरीवर टेकली आणि कलंडलेल्या ट्रककडे बघत म्हणाली, ‘पास्कू, शालेत जायाचा नसला का तुजी सायकल पन अशीच बिघडायची.’

 काका ट्रकपाशी गेले, डॅशबोर्डवरचा पेला उचलला आणि त्यातलं पाणी पिऊन टाकलं.