हात न लावता कुंभारकाम

“लांबूनच बघ हं. हात लावलास तर मोडेल.” पन्नास वर्षांपूर्वी कुंभाराच्या दारात दंड घट्ट धरून आत्या एवढंच म्हणाली, आणि तिचा आवाज साहेबांच्या कानात कायमचा मुक्कामाला आला.

कोणतंही काम हाती घेण्यापूर्वी त्याची संपूर्ण माहिती मिळवावी. माहिती संपूर्ण झाली की काम करण्याची गरज सहसा उरत नाही. या तत्त्वावर साहेबांनी मोजणी खात्यात छत्तीस वर्षं निष्कलंक नोकरी केली. (त्या काळात काही मोजलं गेलं का, हा स्वतंत्र चौकशीचा विषय आहे.) निवृत्त झाल्यावर मात्र त्यांच्या मनानं एकच ओढ घेतली: चाकावर मातीचं एक तरी भांडं आपल्या हातानं घडवायचं.

मागच्या गल्लीत एक म्हाताऱ्या कुंभारीणबाई शिकवत. त्या म्हणाल्या, “एक जागा आहे. महिनाअखेर चाक विकून मी लेकीकडे चाललेय. यायचं तर लगेच या.”

साहेब लगेच पुस्तकांच्या दुकानात गेले.

तिथं या विषयावर अकरा पुस्तकं निघाली. त्यांतून एक निवडायचं म्हणजे निकष हवेत, म्हणून साहेबांनी एकोणीस निकष काढले. पुस्तक उघडं ठेवल्यास आपणहून मिटतं का? चिखलाचा हात लागल्यास पान पुसता येतं का? (प्रयोग दुकानदारानं करू दिला नाही.) चित्रातल्या कारागिराचा सदरा स्वच्छ असल्यास अनुभवाचे दोन गुण वजा, मळका असल्यास शिस्तीचे तीन. पहिल्या फेरीत सगळी पुस्तकं नापास झाली. नाइलाजानं साहेबांनी अकराही घरी आणली आणि मातीचा डाग पडू नये म्हणून प्रत्येकाला प्लास्टिकचं कव्हर घातलं.

अभ्यासाअंती असं आढळलं, की गोळा चाकाच्या मध्यावर आणण्याला पुस्तकं सरासरी चौदा पानं देतात; कोपर मांडीवर टेकवावं की बरगडीला, यावर त्यांचं पाच विरुद्ध सहा असं भांडण आहे; आणि चौदा पानांनंतर अकराही लेखक म्हणतात, की हे वाचून येत नाही, आता गोळा चाकावर ठेवा. साहेबांनी शेरा मारला: ‘जबाबदारी वाचकावर ढकलण्याची प्रवृत्ती.’

बायको कणीक मळत होती. तिला त्यांनी कोपराचा उतारा वाचून दाखवला. तिचे हात थांबले नाहीत.

“घ्या, मळा जरा,” तिनं परात पुढे सरकवली. “सवय होईल.”

“आधी चौथं प्रकरण होऊ दे,” म्हणत साहेबांनी उजवा हात खिशात घातला. (तो हात हल्ली जरा थरथरतो, परंतु ही बाब कोणत्याही निकषात बसत नसल्यानं नोंदवलेली नाही.)

असा महिना सरला. शेवटच्या दिवशी सकाळी कुंभारीणबाईंचा निरोप आला: “चाक न्यायला टेम्पो संध्याकाळी येतोय. दुपारी बसता का?”

साहेबांनी कागद घेतला आणि लिहिलं, ‘पुस्तकाची अंतिम निवड प्रलंबित असल्याने...’

बायकोनं हात पुसत पुसत खांद्यावरून ते वाचलं. मग त्यांच्या बोटांतलं पेन काढून घेतलं.

“अहो, पुस्तकांचं राहू द्या. तुम्ही का जात नाही, ते सांगा.”

(साहेबांना हसणाऱ्या वाचकांनी दरम्यान उठावं, आपल्या कपाटातलं पोहायला शिकवणारं पुस्तक काढावं आणि ते किती कोरडं राहिलंय ते बघावं. तेवढ्यात साहेबांना जरा वेळ मिळेल.)

“हात थरथरतो गं माझा,” साहेब शेवटी म्हणाले. “चाकावर बसलो की लपणार नाही. त्या बाईंना दिसेल. तुलाही दिसेल.”

“मला कधीचं दिसतंय,” ती म्हणाली. “चपला घाला.”