मैनाईसाहेबांनीं पिस्तूल निवडिलें त्याची हकीकत

श्रीकुळस्वामिणीच्या पायांवर मस्तक ठेवून, आणि लिहिणाराचें नांव कोणी पुसूं नये इतकेंच मागणें मागून, घडलें वर्तमान लिहिलें असे तें येणेंप्रमाणें. शके सत्राशें एकतीस, शुक्लनाम संवत्सर. राज्य कोणतें तें विचारूं नये. नदीच्या वळणावर गढी, गढींत गादी, आणि गादीभोंवतीं माना डोलाविणारे मुत्सद्दी, ऐसीं राज्यें तेव्हां पुष्कळ होतीं, त्यांतलेंच हें एक. त्या राज्याचे धनी ज्येष्ठमासीं ज्वर येऊन कैलासवासी जाहले आणि पोटीं संतान नाहीं, म्हणोन धाकटे बंधु हैबतराव कारभार पाहूं लागले. परंतु धन्यांनीं अंतकाळीं राज्याचा शिक्का आपल्या हातें आपल्या स्त्रीच्या, मैनाईसाहेबांच्या, ओटींत घातला होता आणि चारचौघांसमक्ष बोलिले होते कीं, हा हिजपाशीं राहील, ही उमटवील तोच हुकूम खरा. मग हैबतरावांनीं सदरेवर बसावें आणि हुकूम मात्र वहिनीच्या दारीं पाठवावा, आणि वहिनीनें तो वाचून शिक्का करावा किंवा न करावा, ऐसें चाललें. दोनदां त्यांणीं केला नाहीं. तिसऱ्यांदाही केला नाहीं तेव्हां हैबतराव नुसते हंसले, आणि तें हंसणें बाईसाहेबांच्या मनांतून जाईना.

श्रावण सरतां सरतां बाईसाहेबांच्या दारावरचे जुने पहारेकरी बदलले. जुने होते ते येतां जातां मुजरा करीत, खोकला आला तर विचारपूस करीत, आणि नवे आले ते नजरेला नजर देईनात. त्यांतला एक तर बाईसाहेब समोरून गेल्या म्हणजे खालीं जोड्याकडे पाही. तेव्हांच बाईसाहेब समजल्या. ज्याचें मीठ खाऊन ज्याचाच घात करावयाचा त्याचे तोंडाकडे माणूस कधीं पाहत नाहीं, हें त्यांस पुरतें ठाऊक होतें, कारण त्या याच सदरेवर वीस वर्षें वावरल्या होत्या. भय वाटलें. रडावें ऐसेंही वाटलें, परंतु रडून दाखवावें कोणास? माहेराहून पाठराखीण आलेली दासी तुळसा एवढीच काय ती आपली, आणि ती बिचारी ऐकतांच अंथरूण धरील ऐसी. माहेरचे बंधु रायाजीराव दरसाल दसऱ्यास घोडेस्वार घेऊन सीमोल्लंघनास येत. ते आले म्हणजे त्यांचेबरोबर निघून जावें, शिक्काही न्यावा, आणि पुढें जें होईल तें होवो, ऐसा बाईसाहेबांनीं मनीं निश्चय केला. म्हणजे जगायचें तें दसऱ्यापर्यंत. महालाचें दार सागवानी, अडसर मोठा. कोणी आंत आलें तर त्यास उंबऱ्यावर क्षणभर खोळंबा करून दार लावून घेतलें, तर बाहेरून फोडावयास प्रहर दोन प्रहर लागावे, आणि तेवढ्या गलबल्यांत गुपचूप घात करणें कोणास जमूं नये. फक्त तेवढा खोळंबा करणारें हत्यार हातीं पाहिजे. कट्यार चालेना, कारण मागें पालखी उलटली तेव्हां उजवें मनगट मोडलें तें वांकडेंच बसलें, आणि त्या हातानें ताकाचा पेला धरावा तरी थरथरे. डाव्या हातानें एक बोट ओढलें कीं काम व्हावें, ऐसें कांहीं पाहिजे. म्हणोन त्यांणीं शिलेखान्यांत निरोप पाठविला कीं, एक पिस्तूल द्यावें.

शिलेखान्याचे दारोगा बहिर्जी. त्यांणीं निरोप ऐकिला आणि गडबडले. राजस्त्रीस हत्यार द्यावयाचें तें मरातबाप्रमाणें द्यावें लागतें, आणि मरातब ठरविणें सबनिसांचें काम, आणि सबनीस त्रिंबकपंत बोलिले कीं, ही गोष्ट सदरेवर निघाल्यावांचून कशी ठरावी? मग ज्या गोष्टीची वाच्यता नको म्हणोन बाईसाहेबांनीं तुळसाकडून हळूच निरोप पाठविला, तीच गोष्ट भर सदरेंत निघाली, आणि चिकाच्या पडद्याआड बाईसाहेबांस बसवून मसलत सुरू जाहली. हैबतराव मधोमध तक्क्याला टेकून बसले होते. त्रिंबकपंतांनीं मरातबाचा पाठ म्हटला आणि बोलिले कीं, धन्यांच्या स्त्रीस पुरुषभर नळीची, चांदीच्या नक्षीची बंदूक शोभेल, आणि ती धरावयास दोन गडी नेमून द्यावे. दुसरे एक मानकरी बोलिले कीं, गडी नेमून दिले तर गोळी बाईसाहेबांनीं मारिली ऐसें कसें म्हणावें? यावर बराच वाद जाहला. मग बहिर्जी दारोगा, ज्यांस मोठ्या आवाजाखेरीज हत्यारच वाटत नसे, ते बोलिले कीं, उंटावरची जंबूर तोफ आहे ती महालाच्या चौकांत आणून ठेवावी, एक बार काढिला तर नदीपलीकडचे लोक पळतील. हैबतराव इतका वेळ पान चावीत ऐकत होते. ते म्हणाले, "तोफच द्या. वहिनीसाहेबांच्या अब्रूचा प्रश्न आहे, त्यांत हात आंखडूं नका." सगळ्यांनीं माना डोलाविल्या.

तेव्हां पडद्याआडून मैनाईसाहेबांनीं शांतपणें विचारिलें, "तोफ चौकांत आणाल ती आणाल. तिचें तोंड कोणीकडे करून ठेवाल?"

त्रिंबकपंतांनीं आपल्या अंगरख्याची गांठ चाचपली, बहिर्जी छताकडे पाहूं लागले, आणि जो तो आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहूं लागला. बाईसाहेब कोणास भितात हें त्या सदरेंत प्रत्येकास ठाऊक होतें, आणि ज्यास भितात तो तक्क्याला टेकून पान चावीत होता, आणि तरी कोणत्या मापाचें हत्यार द्यावें याचीच मसलत दिवसभर चालली, कोणापासून रक्षण करावयाचें हा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नाहीं. चिकाच्या फटींतून त्या खालच्या माना पाहून बाईसाहेबांचें काळीज तुटलें. यांच्याच मुलींच्या लग्नांत आपण अक्षता टाकिल्या, यांच्याच घरच्या बाळंतिणींस आपण खारका-खोबरें धाडिलें, हें त्यांस एकएक आठवूं लागलें. आणि मग त्या उठोन आंत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशीं स्वतः पालखींतून शिलेखान्यांत जाऊन उतरल्या.

तेथें बहिर्जींनीं भिंतीवरच्या मोठमोठ्या बंदुका दाखविल्या. बाईसाहेबांनीं एकेक डाव्या हातीं घेऊन पाहिली. एक उचलेना, एकीचा घोडा चढेना, एकीचा चाप इतका ताठ कीं बोट दुखलें. शेवटीं एका संदुकींत, मोत्यांच्या जुन्या म्यानांखालीं, एक वीतभर पिस्तूल सांपडलें. कोणे काळीं एका फिरंगी सौदागरानें धन्यांस नजर केलें होतें आणि धन्यांनीं खेळणें म्हणोन टाकून दिलें होतें. गोळी वाटाण्याएवढी. बाईसाहेबांनीं तें मुठींत धरिलें, तों मूठ बरोबर भरली, घोडा अंगठ्यानें चढला, चाप हलकेच सुटला. बहिर्जी कष्टी होऊन म्हणाले, "बाईसाहेब, हें खुळखुळें आहे. एवढ्याशा गोळीनें माणूस मरत नाहीं, नुसता चवताळतो." तेव्हां मैनाईसाहेब म्हणाल्या, "मला कोणास मारायचें नाहीं, दारोगा. मी अडसर घालीपर्यंत तो उंबऱ्यावर थांबला म्हणजे माझें झालें." बहिर्जींनीं बार कसा भरावा, रंजक म्हणजे वरच्या कानावरची दारू कशी घालावी, तें दाखविलें, आणि निक्षून बजाविलें कीं, ओल लागूं देऊं नये, ओल लागली तर हें लोखंडाचें ढेकूळ. बाईसाहेबांनीं तें नीट ऐकिलें. तुळसा बाहेर पालखीपाशीं भोयांशीं बोलत उभी होती.

मग बाईसाहेब बागेंत फांदीस दुध्या टांगून नेम धरूं लागल्या. पहिले दिवशीं फांदी मोडली, आणि मग दोन चार दिवसांनीं दुध्यास भोंक पडलें, आणि त्या दिवशीं धनी गेल्यापासून प्रथमच त्या पोटभर जेवल्या. गढींत पिस्तुलाचें नांव खुळखुळें ऐसेंच पडलें. मुदपाकांतल्या बाया देखील पदर तोंडाशीं धरून हंसत, आणि हैबतरावांनीं सदरेवर विचारिलें कीं, वहिनींचें बाळ कसें आहे? सगळे हंसले. हंसोत बापडे, ऐसें बाईसाहेब म्हणाल्या. भरलेलें पिस्तूल त्या उशाखालीं घेऊन निजत, दिवसा मांडीखालीं ठेवीत, आणि स्नानास जातांना तेवढें घडीच्या लुगड्याखालीं लपवीत. दसरा जवळ येऊं लागला आणि त्यांस जगण्याची आशा वाटूं लागली.

खंडेनवमी उगवली. त्या दिवशीं राज्यांतलें झाडून सारें शस्त्र देवापुढें मांडावें, पंचामृतानें स्नान घालावें, हळदकुंकू फुलें वाहावीं, आणि दुसरे दिवशीं सीमोल्लंघनापर्यंत कोणी हातीं धरूं नये, ऐसा वडिलांपासून रिवाज. पहारेकरी देखील त्या दिवशीं रिकाम्या कमरेनें उभे राहत. बाईसाहेबांनीं मनांत योजिलें कीं, आपलें पिस्तूल कांहीं देवापुढें द्यावयाचें नाहीं, देवी क्षमा करील, उद्यां रायाजी आला म्हणजे तिची ओटी दुप्पट भरीन. आणि पहांटे बार नवा भरून, लुगड्याखालीं ठेवून, त्या न्हाणीघरांत गेल्या. तुळसा महाल झाडीत होती. तिनें लुगडीं उचलिलीं, तों खालीं पिस्तूल. तीस फार वाईट वाटलें. सगळ्या गढीच्या कोयत्या-विळ्यांची पूजा होते, घोडेवाल्याच्या नालाची देखील होते, आणि आपल्या बाईचें एकुलतें शस्त्र, ज्याजवर तिचा जीव, तें मात्र चोरासारखें कपड्याखालीं! धनी गेल्यापासून बाईच्या कपाळीं कुंकू नाहीं, तें लावणें आपल्या हातचें नाहीं, तर तिच्या शस्त्रास तरी लावावें, ऐसें त्या भोळीच्या मनांत आलें. मग तिनें तें कोनाड्यांतल्या देवीपुढें ठेविलें, दूध, दहीं, तूप, मध, साखर घालून स्नान घातलें, वर शुद्धोदक सोडिलें, मऊ धडप्यानें निगुतीनें पुसून कोरडें केलें, मुठीखालीं बोटभर मळवट भरिला, हात जोडून "माझ्या बाईस सांभाळ" ऐसें म्हणाली, आणि होतें तसें लुगड्याखालीं ठेविलें. बाई रागें भरतील म्हणोन बोलिली मात्र नाहीं.

दोन प्रहरीं नैवेद्य होऊन गढी जेवावयास बसली तेव्हां हैबतराव महालीं आले. दोन माणसें बरोबर. शस्त्र कोणापाशींच नाहीं, देवाचा रिवाज मोडतील ऐसे ते नव्हते, खांद्यावर एक रेशमी शेला मात्र होता. बाईसाहेब दारापासून चार हात आंत, आणि हैबतराव उंबऱ्यावर, जसें त्यांणीं शेंकडों वेळां मनांत पाहिलें होतें अगदीं तसेंच.

"वहिनी, शिक्का द्या," हैबतराव म्हणाले.

बाईसाहेबांनीं डाव्या हातीं पिस्तूल उचलिलें. हैबतराव जागच्या जागीं उभे राहिले आणि त्यांचे तोंडावरचें हंसूं गेलें, आणि त्यांस भ्यालेले पाहण्याचें सुख बाईसाहेबांस तेवढें एक मिळालें. चाप ओढिला. घोडा पडला, ठिणगी उडाली, आणि पुढें कांहीं नाहीं. पुन्हां घोडा चढविला, पुन्हां ठिणगी. तों वळलेल्या मुठीखालीं बोटांस कांहीं चिकट लागलें, म्हणोन त्यांणीं पाहिलें, तर मध आणि कुंकू. कोपऱ्यांत तुळसा उभी होती. बाईसाहेबांनीं तिजकडे पाहिलें, आणि तिला अजून कांहींच उमगलें नव्हतें, ती पिस्तुलाकडे विश्वासानें पाहत होती. ज्या मुत्सद्द्यांनीं दिवसभर मसलत केली त्यांस हिला ओलीचें सांगावें ऐसें सुचलें नाहीं, आणि आपणासही सुचलें नाहीं, हें त्या एका क्षणांत बाईसाहेबांचे ध्यानीं आलें. रागावण्यास वेळही उरला नव्हता, आणि रागावावें कोणावर?

"तुळसे," त्या म्हणाल्या, "पूजा चांगली केलीस हो."

हैबतरावांनीं खांद्यावरचा शेला काढिला आणि माणसांनीं तुळसास बाहेर नेऊन दार लाविलें. आंतून अडसर पडल्याचा आवाज आला. तो बाईसाहेबांनीं घातलेला नव्हता.

दुसरे दिवशीं रायाजीराव घोडेस्वारांनिशी आले. त्यांस त्रिंबकपंतांनीं सांगितलें कीं, बाईसाहेब ज्वर येऊन एकाएकीं गेल्या, मुहूर्त साधावा म्हणोन दहन लगोलग उरकलें. रायाजीराव पुष्कळ रडले. मग सण आहे म्हणोन हैबतरावांस सोनें देऊन त्यांणीं गळाभेट घेतली, आणि हैबतरावही रडले, आणि शिक्का त्यांच्या कमरेस होता तो रायाजीरावांनीं पाहिला कीं नाहीं तें कोणी सांगत नाहीं. तुळसा त्या गर्दींत उभी होती. तिनें तोंड उघडावें तर काय सांगावें? शेल्याचें सांगावें, तर आधीं पंचामृताचें सांगावें लागे, आणि तें तिच्या तोंडून निघेना.

पुढें हैबतरावांनीं हुकूम केला आणि त्याजवर आपल्या हातें शिक्का उमटविला कीं, कैलासवासी वहिनीसाहेबांच्या पिस्तुलानें कधीं कोणाचें रक्त सांडिलें नाहीं, ऐसें सात्त्विक शस्त्र दुसरें नाहीं, सबब दरसाल खंडेनवमीस त्याची पूजा सर्वांआधीं व्हावी आणि पूजेचा मान तुळसाचा. तो मान ती आजतागाईत चालविते. म्हातारी जाहली, दिसत नाहीं, हातास धरून आणावी लागते. पिस्तुलांत बार नाहीं, कधीं भरलाच जात नाहीं, हें तीस ठाऊक आहे. तरी भटजी पंचामृताची वाटी पुढें करितात तेव्हां ती वाटी हातानें लांब सारिते आणि म्हणते, "याला ओल नको." आणि कोरड्या अक्षता वाहून बसून राहते.

एवंच मैनाईसाहेबांनीं हत्यार निवडिलें तें योग्य निवडिलें, त्यांत चूक नव्हती. राज्य पुढें चांगलें चाललें आणि हैबतराव पुष्कळ वर्षें जगले. हकीकत खरी, लिहिणारा त्या सदरेंत मान खालीं घालून बसलेल्यांपैकीं कोणी असेल किंवा नसेल. येथें लेखणी ठेविली असे.